जवळपासची लोकर

डोंबिवलीत थंडी पडते ती वर्षातून साडेचार दिवस. त्यातला अर्धा दिवस ती खरंच पडली आहे का, या चर्चेत जातो. उरलेल्या चार दिवसांत लोक कपाटातून स्वेटर काढतात, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून गॅलरीत टांगतात आणि वास जाईस्तोवर पुन्हा पंखा लावायची वेळ येते. अशा गावात माझ्या शकूआत्याच्या घरी २१ किलो लोकर आहे. हा आकडा अंदाजपंचे नाही. एकदा रद्दीवाला आला असताना त्याच्या काट्याला एकेक पिशवी अडकवून मी वजन केलं होतं. आत्या शेजारी उभी होती. वजनाचं तिला कुतूहल नव्हतं; एखादी पिशवी त्याच्या पोत्यात जाईल याची धास्ती होती.

ही सगळी लोकर हॉलमधल्या दिवाणात असते. दिवाणावर गादी, गादीवर चादर, चादरीवर पाहुणे. आत्याला लोकर लागली की पाहुण्यांना उठावं लागतं. नवा पाहुणा गोंधळतो; त्याला वाटतं, आपल्याला जायला सांगताहेत. जुने पाहुणे कपबशी घेऊन सवयीने खिडकीपाशी जातात, गादी सरकते, फळी वर होते, आत्या कमरेपर्यंत आत जाते आणि आतून आवाज येतो, "सापडली गं बाई! अगदी तशी नाही, पण जवळपासची आहे."

'जवळपासची' हे आत्याच्या क्रोशाकामातलं मूळ माप. इंच, मीटर, ग्रॅम ही त्याची पोटमापं.

क्रोशाच्या कुठल्याही कृतीच्या डोक्यावर साहित्य छापलेलं असतं. अमुक जाडीची लोकर, अमुक ग्रॅम, अमुक नंबरची सुई. तुमच्याआमच्यासारखी माणसं ते वाचून दुकानात जातात. आत्या ते लग्नपत्रिकेतल्या 'कृपया आहेर आणू नये' या ओळीसारखं वाचते. छापायची रीत आहे म्हणून छापलंय. तसं वागायचं असतं असं थोडंच आहे? "आणि कृती छापतात कोण? लोकरवालेच ना? त्यांना त्यांची लोकर खपवायची असते. आपल्याला कशाला आणायची? घरात आहे की."

हे 'घरात आहे की' मी समजायला लागल्यापासून ऐकतो आहे. घरात जी असते ती कृतीतल्यापेक्षा बारीक असते, नाही तर जाड असते, नाही तर सुती असते, नाही तर पुरेशी नसते. पुष्कळदा हे चारही असतं, कारण ती चार ठिकाणची असते.

आत्या चिक्कू आहे असा मात्र समज करून घेऊ नका. भाजीवाल्याशी ती घासाघीस करत नाही, दिवाळीला कामवालीच्या हातावर पूर्ण महिन्याचा पगार ठेवते, आणि तिच्याकडचं श्रीखंड चमच्याने नाही, वाटीने वाढलं जातं. प्रश्न पैशाचा नाहीच. लोकर आणायला दुकानात जाणं म्हणजे घर कमी पडल्याची जाहीर कबुली. ती आत्या देणार नाही. ऐन पंगतीत मीठ संपलं म्हणून शेजारी वाटी घेऊन जायची तिची तयारी असते. दिवाणात करडी लोकर नाही हे कबूल करायची नसते.

आत्या टेलिफोन खात्यात ३३ वर्षं होती. म्हणजे ३३ वर्षं डोंबिवली ते व्हीटी आणि परत, बायकांच्या डब्यात. दोन सुयांवरचं विणकाम तिने नोकरी लागल्या वर्षीच सोडलं. त्याला दोन्ही कोपरं हलवावी लागतात, आणि सेंट्रल रेल्वेवर कोपर आहे, घाटकोपर आहे, फक्त कोपर हलवायला जागा नाही. शिवाय दोन सुयांवरच्या कामात शंभर-शंभर टाके एका वेळी सुईवर जिवंत असतात. ठाण्याला लोंढा आत आला, सुई निसटली, की वीसेक टाके तरी फलाटावर उतरलेच. क्रोशाला सुई एक आणि उघडा टाकाही एकच. धक्का लागलाच तर तेवढा सुटतो. मागचे सगळे गाठ मारून बसलेले असतात, बंद झालेल्या सरकारी फायलींसारखे. त्यामुळे आत्याचा हिशेबही गाड्यांचा झाला. "ही बाही म्हणजे तीन व्हीटी." "टोपडं काय गं, जाऊन-येऊन होतं." निवृत्तीनंतर घरी बसून विणायला लागली तेव्हा सुरुवातीचे काही महिने तिचे टाके बिघडले. धक्के बसत नव्हते.

लोकरीच्या जाडीबद्दलचं तिचं तत्त्वज्ञानही त्याच डब्यातलं. मी एकदा म्हटलं, "आत्या, या कृतीला बारीक लोकर लागते. ही जाड आहे, बसायची नाही." ती म्हणाली, "तिघींच्या बाकावर चौथी बसते ना? कशी बसते? तिघी जरा सरकतात, चौथी जरा टेकते. तसंच." चौथ्या सीटवरच्या बाईचा अर्धा भाग डोंबिवलीपासून हवेत असतो, हे मी बोललो नाही. आत्याच्या स्वेटरांचाही काही भाग कायम हवेतच असायचा.

साठाही त्याच डब्यात जमला. ऑफिसातल्या कुणी स्वेटर पुरा केला की उरलेला अर्धा गुंडा आत्याकडे. कुणी विणायचा नाद सोडला की उरलेला अर्धा स्वेटर आत्याकडे. कुणी सिमला-कुलू-मनाली करून आली की येताना उत्साहात घेतलेली आणि नंतर अंगाला टोचलेली लोकर आत्याकडे. निवृत्त होताना माणसाला शाल-श्रीफळ देतात. आत्याला पिशव्या मिळाल्या. आता ओळखीतली एखादी म्हातारी गेली की तेराव्यानंतर तिची सून पिशवी घेऊन येते. "आईंची होती. टाकवत नाही." ही पिशवी आत्या लगेच दिवाणात घालत नाही. एक रात्र ती खुर्चीवर असते. दुसऱ्या दिवशी आत जाते.

आत गेलं की सगळे गुंडे सारखे, कारण प्रत्येक गुंड्यावरचा कागद पहिल्या दिवशीच हरवलेला असतो. मग ओळखपरेड.

या शास्त्राबद्दल मी तिच्यापायी थोडंफार वाचलं आहे. अमेरिकेतल्या लोकरवाल्यांनी जाडीला ० ते ७ असे नंबर दिले आहेत. शून्य म्हणजे जाळीकामाच्या दोऱ्यासारखी आणि सात म्हणजे करंगळीशी स्पर्धा करणारी. आपल्याकडे, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियातही, दुकानदार पदरांवर बोलतो. दोन पदरी, चार पदरी, आठ पदरी. पण पदर मोजून जाडी कळतेच असं नाही. एकच लठ्ठ पदर चार बारीक पदरांना भारी पडू शकतो. हे सगळं मी एका रविवारी आत्याला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिची स्वतःची प्रतवारी सांगितली: शिवणाचा दोरा, अँकर, बाळाची, शाळेची, सिमल्याची आणि सुतळी. खरं सांगायचं तर मला ती जास्त कळली. 'शाळेची' म्हटलं की निळ्या गणवेशावरचा कोपरावर विरलेला स्वेटर डोळ्यांपुढे येतो. 'चार नंबर मीडियम' म्हटलं की चहा.

जाडी मोजायची एक साधी युक्ती जगभरच्या बायकांना ठाऊक आहे. लोकर फूटपट्टीवर वेढे देत गुंडाळायची आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. साधारण नऊ-दहा बसले तर अमेरिकन लोक तिला वर्स्टेड म्हणतात, बाराच्या आसपास बसले तर डीके, सोळाच्या पुढे गेले तर ती आपली चार पदरी बारीक. आत्याला हे माहीत आहे. माझ्या शाळेतली लाकडी फूटपट्टी तिने याच कामासाठी राखली आहे. मात्र ती मोजते कशी हे जवळून पाहण्यासारखं आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डाव्या हाताचा अंगठा शून्यावर. एक, दोन, तीन... पट्टीवर वेढे पडत जातात. कृतीला बारा हवे असतात आणि नवव्या वेढ्यालाच इंच भरत आलेला असतो. इथे आत्या थांबते. जिभेचं टोक बाहेर येतं. उजव्या हाताची चिमूट लोकर हळूच ताणायला लागते. फुगीर लोकर ताणली की बारीक होते, आणि बारीक झाली की अंगठ्याच्या नखाने वेढे दाटीवाटीने सरकवता येतात. दहा. अकरा. श्वास रोखून बारा. "बघ, बारा. मी म्हटलं नव्हतं, जवळपासची आहे?" पट्टी खाली ठेवली की लोकर सुस्कारा सोडते आणि बारा वेढे दीड इंचभर पसरतात. तोवर आत्याची साखळी घालून झालेली असते.

हिशेबात मात्र तिला कुणी हरवू शकत नाही. मी बी.कॉम. आहे, साठ्याचा हिशेब परीक्षेपुरता शिकलो. आत्या वीजबिलाच्या मागे लिहिते. "बारीक लोकर १०० ग्रॅमला ४०० मीटर. म्हणजे मीटरला पाव ग्रॅम. दुहेरी घेतली तर मीटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला २०० मीटर. झाली की नाही मधल्या जाडीची? आता बारीक एक पदर आणि मधली एक पदर अशी जोडली तर? पाव आणि अर्धा, पाऊण ग्रॅम. भाग शंभराला पाऊणने. १३३ मीटर. म्हणजे जाड स्वेटरची." बिनचूक. जाडी माहीत नसेल तर मीटर आणि ग्रॅम यांवरून लोकरीची जात काढता येते, ही गोष्ट मला तिने शिकवली. एखादा हुशार माणूस एवढ्यावर थांबला असता. आत्या इथून पुढे निघते. कारण मीटर-ग्रॅम जुळले तरी स्वभाव जुळायचा असतो. सुती धागा वजनाला जड आणि ताणाला ताठ. त्याची शाल टांगून ठेवली की आठ दिवसांत परकरापर्यंत येते. अॅक्रिलिक हलकं आणि फुगीर. त्याच्यावर गरम इस्त्री फिरली की ते कायमचं मान टाकतं. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, गोळा होते आणि पुन्हा सुटत नाही. आतोबांचा मफलर आत्याने अर्धा खऱ्या लोकरीचा आणि अर्धा अॅक्रिलिकचा केला, रंग बेमालूम जुळवून. वॉशिंग मशीनने दोघांना वेगळं केलं. आता त्याचं एक टोक गुडघ्याला लागतं आणि दुसरं गळ्यापाशीच संपतं. आतोबा तो टायसारखा घालतात.

नमुना विणून बघणं हा या सगळ्यावरचा साधा उपाय. १० सेंटीमीटरचा चौकोन करायचा, टाके मोजायचे, मग कामाला लागायचं. आत्याला हे सांगणं म्हणजे तिला परातीत हात घालायच्या आधी एक लहान पुरी करून बघ म्हणण्यासारखं आहे. "आणि त्या चौकोनाला लोकर लागत नाही वाटतं?" शेजाऱ्यांच्या नातवाचं टोपडं तिने असंच केलं. कृतीत ७२ टाक्यांचा घेर होता. १० सेंटीमीटरला १८ टाके धरले तर घेर ४० सेंटीमीटर, म्हणजे बाळाचं डोकं. लोकर हाताला बारीक लागली म्हणून आत्याने दुहेरी घेतली. दुहेरी लोकरीचे १० सेंटीमीटरला १३ टाके बसले. ७२ ला १३ ने भागा आणि दहाने गुणा; ५५ सेंटीमीटर. टोपडं आतोबांना चपखल बसलं. बंद आणि गोंड्यांसकट. बारशाला बाळाला चांदीचा वाळा गेला आणि आतोबा अजूनही दूध आणायला जाताना कधीकधी ते टोपडं घालतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे आत्याचं काही ना काही आहे.

तिची सर्वांत मोठी मोहीम झाली ती न्यू जर्सीतल्या लेकीच्या बाळंतपणात. लेकीने तिकडची एक कृती छापून पाठवली. बाळाचं पांघरूण, आठ नंबरची सुई, डबल क्रोशे. आत्या इंग्रजी पद्धतीने शिकलेली. आता गंमत अशी की इंग्रज ज्याला डबल क्रोशे म्हणतो तो आपला ठेंगणा मुका खांब, आणि अमेरिकन ज्याला डबल क्रोशे म्हणतो तो आपला पूर्ण उंचीचा खांब. शब्द तोच, उंची निम्मी. सुईचंही तसंच. त्यांची आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, जुन्या इंग्रजी मापाची आठ नंबर ४ मिलिमीटर. दोन्ही आठच. दोन देशांमध्ये एवढा समुद्र उगीच नाही. आत्याने बारीक सुईवर मुके खांब घट्ट आवळत, दिवाणातली तीन प्रकारची पांढरी लोकर पट्ट्यापट्ट्यांनी घालत, कृतीत सांगितल्या तेवढ्या ओळी निष्ठेने पूर्ण केल्या. तयार झाली ती वस्तू पांघरुणाच्या निम्म्याहून लहान होती आणि भिंतीला टेकवली तर उभी राहत होती.

आत्याने ती दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिली. मला वाटलं आता उसवणार. पण आत्याच्या मते चुकलेली वस्तू नसतेच. वस्तूचं नाव चुकलेलं असतं. "आसन छान झालंय," ती म्हणाली.

आसन कुणाला द्यायचं याचाही विचार क्षणात झाला. लेकीच्या सासूबाई सोवळ्याच्या. न्यू जर्सीला जायच्या आधी निरोप घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आसन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि नम्रपणे विचारलं, "लोकरीचंच आहे ना? म्हणजे पूजेला चालेल. लोकर सोवळ्यातली." आत्याला खोटं बोलता येत नाही, तिला खरं काय तेही माहीत नव्हतं. पांढऱ्या तीन पट्ट्या, कागद तिघांचे हरवलेले. तिने मागची तीन शेपटं कात्रीने कापली, देवघरातलं निरांजन आणलं आणि चिमट्यात धरून एकेक पेटवून दाखवलं. पहिलं शेपूट आक्रसलं, केस जळल्याचा वास आला, विझल्यावर बोटाने चुरडलं तर भुगा झाला. "ही खरी लोकर. हिला बघायला नको." दुसरं भुरकन पेटलं, कागद जळल्यासारखा वास, मऊ राख. "हे सुती. धुऊन घेतलं की चालेल." तिसरं, मधल्या पट्टीचं, जळलंच नाही नीट, वितळलं, त्याचा थेंब झाला आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी चिमट्याला चिकटला. खोलीत प्लास्टिकच्या बादलीचा वास पसरला. दोन्ही विहिणी काही वेळ त्या मण्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मधली पट्टी..." विहीणबाई म्हणाल्या.

"ओवळी," आत्या म्हणाली. "पण तुम्ही कडेला बसा."

तेव्हापासून विहीणबाई पूजेला एका बाजूला सरकून बसतात. मी पाहिलं आहे. हुबेहूब चौथी सीट.

आत्या कधीच उसवत नाही असं मात्र नाही. स्वतःचं उसवत नाही. दुसऱ्याला दिलेलं उसवते. "जरा दे रे तो स्वेटर, काखेत बघायचंय" असं ती म्हणाली की समजावं, हे शेवटचं दर्शन. चौथीतला माझा राखाडी स्वेटर असाच गेला. पुढच्या हिवाळ्यात त्याची एक बाही चुलतबहिणीच्या टोपीत मला भेटली. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी असते. आत्या तिची लडी करते, कोमट पाण्यात बुडवते, दांडीवर टाकते आणि खालच्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या बांधते, की दोन दिवसांत ती सरळ होते. लडीचा गुंडा करताना समोर एक माणूस लागतो, दोन्ही हात पसरून, देवाला शरण आल्यासारखा. तो माणूस लहानपणापासून मी आहे. गीतेतला आत्मा वस्त्रं बदलतो. आमच्या घरी वस्त्रच आत्मे बदलतं.

आतोबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा स्वेटर आत्याने १९९१ साली तपकिरी रंगात सुरू केला. लोकर कमी पडली तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा दुकानात जाऊन तोच नंबर दाखवून तोच तपकिरी आणला, आणि घरी येऊन जोडला तर मागची बाजू चहा आणि पुढची कॉफी. लोकर रंगवतात ती भज्यांसारखी घाण्याघाण्याने. प्रत्येक घाण्याचा लॉट नंबर वेगळा. पहिल्या घाण्यातलं भजं आणि तिसऱ्यातलं भजं एका रंगाचं कसं असेल? आत्याने या प्रसंगातून धडा घेतला. आपण घेतला असता त्याच्या उलट. "दुकानातून आणूनही जुळत नाही, तर घरातली काय वाईट?" बाह्या मग घरातल्याच झाल्या. तो स्वेटर समोरून एका रंगाचा आहे, बाजूने दोन आणि उन्हात चार. आतोबा तो डोंबिवलीच्या साडेचारही दिवस घालतात. त्यांचं म्हणणं एकदाच ऐकलं आहे. "शकूने माझी पत्रिका पाहिली होती तेव्हाही म्हणाली होती, जवळपास जुळतेय."

गेल्या वर्षी आत्याला ७५ पूर्ण झाली. माझ्या बायकोने ठरवलं की आत्यांना आयुष्यात एकदा तरी कृतीत सांगितलेली लोकर मिळाली पाहिजे. तिने शालीची एक कृती निवडली, पुण्याला गेली होती तेव्हा तुळशीबागेत पाच दुकानं पालथी घातली आणि ५० ग्रॅमचे नऊ गुंडे आणले. सांगितलेली जाडी, सांगितला मोरपिशी रंग, नऊच्या नऊ एकाच लॉटचे, कागदासकट. वर ४ मिलिमीटरची नवी सुई.

आत्याने पिशवी उघडली. एकेक गुंडा काढून टेबलावर मांडला. कागद वाचले. फूटपट्टी आणून वेढे मोजले. न ताणता बारा आले. तिने पुन्हा मोजले. पुन्हा बारा. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. घरी हौसेने पाहुणे जेवायला बोलवावेत आणि त्यांनी डबा घेऊन यावं, तसा. "छान आहे हो," ती बायकोला म्हणाली. "अगदी... बरोबर आहे." आणि तिने नवी सुई उजेडात धरून बघितली, जणू तिच्यात तरी काही खोट निघेल.

तीन दिवस तिचा फोन आला नाही. आत्या आजारी नाही ना, म्हणून चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. दाराबाहेरूनच तिचं गुणगुणणं ऐकू आलं. टेबलावर मोरपिशी शाल सुरू झालेली होती, दहा ओळी, टाका टाक्याला लागून. शेजारी स्वयंपाकघरातला काटा, चष्म्याचं घर आणि वीजबिल उपडं.

"बस. नको, बसू नकोस," आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "दहा ओळींना ५३ ग्रॅम गेली. माझा हात सैल आहे ना. शालीच्या ओळी ९०. नऊ त्रेपन्नं?"

"४७७."

"आणि लोकर ४५०. म्हणजे?"

"२७ ग्रॅम कमी."

"सत्तावीस!" ती एखाद्या नातवाचं वजन सांगावं तशी म्हणाली.

मी म्हटलं, एवढंच ना, आम्ही पुन्हा पुण्याला गेलो की आणखी एक गुंडा आणू.

"लॉट तोच मिळेल?"

"तो कदाचित नाही मिळायचा."

"नाहीच मिळायचा," आत्या समाधानाने म्हणाली. "आणला आणि शेवटी जोडला तर पट्टा दिसेल. त्यापेक्षा आतापासूनच एक ओळ ही, एक ओळ दुसरी, अशी मधेमधे घालत गेलं की कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. मोरपिशी म्हणजे काय, निळा आणि हिरवाच ना?"

आतोबा न सांगता कपबशी घेऊन दिवाणावरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी गादी ओढली. फळी डोक्यावर धरली. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर आला. आत्या कमरेपर्यंत आत गेली. एकेक पिशवी बाहेर येऊन माझ्या पायावर पडू लागली.

"हिरवी आहे, पण सुती आहे," आतून आवाज आला. "निळी आहे, पण शाळेची. थांब. फळी सोडू नकोस हं."